देखभाल कोणाची, खर्च कोणाचा? : ज्येष्ठ नागरिकविषयक शासकीय सुधारणांची चिकित्सा

प्रस्तावना

वार्धक्याच्या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांना होत आली आहे. एका टोकाला संस्कारांचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाची पडझड आणि दूरदेशी गेलेली मुले यांविषयीची हळहळ असते, तर दुसऱ्या टोकाला शासकीय योजनांची लांबलचक यादी. वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' (१९७०) आणि जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' (१९७३) या नाटकांनी वृद्धांच्या एकाकीपणाला मराठी मध्यमवर्गाच्या जाणिवेत कायमचे स्थान मिळवून दिले. परंतु त्यामुळेच हा प्रश्न प्रामुख्याने कृतघ्न मुले आणि दुखावलेले आईबाप यांचा, म्हणजे घरातला आणि नीतीचा, अशी धारणाही दृढ झाली. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची रोजची देखभाल कोणी करावयाची आणि त्या देखभालीचा खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न या धारणेत निसटून जातो. तो मूलतः सार्वजनिक वित्ताचा आणि श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के, तर केरळात १२.६ टक्के होते. देशातील वृद्धांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होते, आणि वृद्ध स्त्रियांची संख्या वृद्ध पुरुषांपेक्षा अधिक होती. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०२१ च्या अहवालातील अंदाजानुसार २०३१ मध्ये ही संख्या १९.४ कोटींच्या घरात जाईल. वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट होणाऱ्या या लोकसंख्येसाठी शासनाने गेल्या अडीच दशकांत कायदा, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा आणि खाजगी गुंतवणुकीस उत्तेजन अशा चार मार्गांनी सुधारणा केल्या. प्रस्तुत लेखात या सुधारणांची चिकित्सा एकाच कसोटीवर केली आहे. प्रत्येक सुधारणेने जबाबदारी कोणावर सोपविली आणि तिच्यासोबत निधी किती दिला, ही ती कसोटी होय.

धोरणाची वाटचाल

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजारपण व बेकारी यांच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. तथापि ते राज्याच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' बसविलेले आहे, आणि न्यायालयामार्फत त्याची सक्तीने अंमलबजावणी होऊ शकत नाही. याउलट, मुलांवरील जबाबदारी मात्र कायद्याने फार लवकर निश्चित केली. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० ने वृद्ध वा विकलांग आईवडिलांच्या निर्वाहाचे दायित्व मुलगा व मुलगी दोघांवरही टाकले. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ ने सर्व धर्मीयांना हा उपाय उपलब्ध करून दिला. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ मध्ये आली आहे.

म्हणजे राज्याची जबाबदारी तत्त्वाच्या पातळीवर राहिली आणि कुटुंबाची जबाबदारी कलमांत उतरली. १९९९ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणाने आर्थिक सुरक्षा, आरोग्य, निवारा आणि वृद्धांचे संरक्षण यांचा एकत्रित विचार प्रथमच मांडला. त्या धोरणातही काळजीवाहक म्हणून कुटुंबाचे स्थान केंद्रवर्ती मानले होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपले ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर केले आणि २०१८ मध्ये ज्येष्ठत्वाची वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. धोरणांच्या भाषेत उणीव फारशी आढळत नाही. ती शोधावी लागते ती कायद्याच्या क्रियापदांत आणि अर्थसंकल्पाच्या रकान्यांत.

२००७ चा अधिनियम : सामर्थ्य आणि मर्यादा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. त्याचे सामर्थ्य आधी मान्य केले पाहिजे. वृद्धाने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवू नयेत म्हणून उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली निर्वाह न्यायाधिकरण स्थापण्याची तरतूद त्यात आहे. अर्जावर नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अर्जदार स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या वतीने अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. अपत्यहीन ज्येष्ठाच्या बाबतीत त्याच्या मालमत्तेचा ताबा असलेल्या किंवा ती वारसाने मिळणाऱ्या नातेवाइकावर दायित्व येते. कमी खर्चाची, साधी आणि जवळची न्यायव्यवस्था म्हणून ही रचना स्वागतार्ह आहे.

परंतु याच अधिनियमात तीन ठिकाणी त्याचे पाऊल अडखळते. पहिले ठिकाण कलम ९ हे होय. निर्वाहाची कमाल रक्कम राज्य शासनाने ठरवावी, मात्र ती दरमहा १०,००० रुपयांपेक्षा अधिक असू नये, असे हे कलम सांगते. वस्तुतः फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली होती. सर्वसाधारण कायद्यातील मर्यादा अन्यायकारक म्हणून हटविल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, खास वृद्धांसाठी केलेल्या कायद्यात नवी मर्यादा घालण्यात आली. दोन्ही कायद्यांखाली एकाच वेळी दाद मागता येत नसल्यामुळे वृद्धाला जलद पण मर्यादित उपाय आणि विलंबाचा पण अमर्याद उपाय यांतून निवड करावी लागते. ही निवड करण्याइतका अवधी बहुतेक अर्जदारांपाशी नसतो.

दुसरे ठिकाण कलम १९ आणि २० यांतील शब्दयोजनेचे आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने राज्य शासनाला स्थापन 'करता येतील', असे कलम १९ म्हणते. शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांना 'शक्य तोवर' खाटा द्याव्यात, असे कलम २० म्हणते. मुलांच्या बाबतीत हाच कायदा 'शक्य तोवर' म्हणत नाही. ज्येष्ठ व्यक्तीला सोडून देणाऱ्यास कलम २४ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जिल्ह्यात एकही शासकीय वृद्धाश्रम नसलेल्या राज्यावर मात्र कोणतेही दायित्व येत नाही. एकाच कायद्यात कुटुंबासाठी आज्ञार्थ आणि शासनासाठी विध्यर्थ वापरला जातो, तेव्हा हा भेद निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. माजी केंद्रीय कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात जिल्हानिहाय वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून गोळा करण्याचे निर्देश केंद्राला दिले. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावरही न्यायालयाला संख्येपासून सुरुवात करावी लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे. महाराष्ट्रात १९९५ मध्ये युती शासनाच्या काळात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना सुरू झाली होती. म्हणजे ही कल्पना राज्याला केंद्रीय कायद्याच्या आधीपासून परिचित होती. प्रश्न संकल्पनेचा नव्हता, तो सातत्याने अनुदान देण्याचा होता.

तिसरे ठिकाण कलम २३ चे आहे. देखभालीच्या अटीवर केलेले मालमत्तेचे हस्तांतरण, ती अट न पाळल्यास, रद्दबातल ठरविण्याचा अधिकार हे कलम देते. आप्पासाहेब बेलवलकरांनी मुलांना सर्वस्व वाटून टाकल्यावर जे भोगले, त्यावर ३७ वर्षांनी कायद्याने शोधलेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल. परंतु या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयीन भूमिका एकसारखी राहिलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखभालीची अट सिद्ध होणे आवश्यक मानले, तर २०२५ च्या जानेवारीत कायद्याचा कल्याणकारी हेतू ध्यानात घेऊन उदार अर्थ लावावा आणि न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचा आदेशही देता येतो, अशी भूमिका घेतली. मायेपोटी आणि विश्वासाने बक्षीसपत्र करणारी आई त्यात अट घालण्याचा आग्रह धरत नाही, ही सामाजिक वस्तुस्थिती पाहता दुसरी भूमिका अधिक न्याय्य ठरते. तथापि या कलमाची दुसरी बाजूही आहे. कौटुंबिक हिंसेला सामोऱ्या जाणाऱ्या सुनेला घराबाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांच्या नावाने हाच कायदा वापरला जाऊ शकतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क या कायद्याच्या संक्षिप्त प्रक्रियेने हिरावून घेता येणार नाही, असे स्पष्ट केले. एका दुर्बलाच्या संरक्षणाचे साधन दुसऱ्या दुर्बलाविरुद्ध वापरले जाणार नाही, याची काळजी कायद्याच्या मूळ मसुद्यात घेतलेली नव्हती.

या उणिवांपैकी काही दूर करण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. १०,००० रुपयांची मर्यादा हटविणे, 'अपत्य' या संज्ञेत जावई व सून यांचा समावेश करणे आणि घरपोच देखभाल सेवा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके ठरविणे, अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेचे विसर्जन झाल्यावर विधेयक व्यपगत झाले. साडेचार वर्षांत त्यावर मतदान होऊ शकले नाही. वृद्धांचा प्रश्न राजकीय प्राधान्यक्रमात कोठे बसतो, याचे हे नेमके उदाहरण होय.

निवृत्तिवेतन : रकमेचे आणि पात्रतेचे गणित

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, तेव्हा वृद्धापकाळ निवृत्तिवेतन दरमहा ७५ रुपये होते. २००७ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना या नावाने योजनेचा विस्तार झाला, त्या वेळी केंद्राचा वाटा २०० रुपये होता. २०११ मध्ये पात्रतेचे वय ६५ वरून ६० वर आणले गेले आणि ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये निश्चित झाले. ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा मात्र २०० रुपयांवरच थांबला. दिवसाला हे पावणेसात रुपयेही होत नाहीत. शासकीय सेवकांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जात असताना देशातील सर्वांत गरीब वृद्धांच्या मदतीला महागाईशी जोडणारी कोणतीही यंत्रणा नाही. हे निवृत्तिवेतन अधिक वास्तव करण्याबाबत फेरविचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या उपर्युक्त निर्णयातच सुचविले होते.

लाभार्थ्यांच्या संख्येलाही केंद्राने २.२१ कोटींची कमाल मर्यादा घातली आहे. २०११ मधील वृद्धांच्या संख्येशी तिची तुलना केल्यास हे प्रमाण २१ टक्के भरते. २०३१ साठीच्या अंदाजाशी तुलना केल्यास ते ११ टक्क्यांवर येते. वृद्धांची संख्या वाढत असताना मर्यादा स्थिर राहिली, तर रक्कम कमी न करताही योजना आपोआप आकुंचन पावते. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमासाठी २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांच्या केंद्रीय अर्थसंकल्पांत ९,६५२ कोटी रुपयांचीच तरतूद होती. निधीची टंचाई हे याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. म्हणून एक साधा हिशेब मांडणे उचित ठरेल. २.२१ कोटी व्यक्तींना दरमहा २०० रुपये देण्यासाठी वर्षाला ५,३०४ कोटी रुपये लागतात. हीच रक्कम १,००० रुपये केली, तर वार्षिक खर्च २६,५२० कोटी रुपये होईल. २०२५-२६ च्या सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या हा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. एवढा भार पेलणे अशक्य आहे, असे म्हणणे कठीण आहे.

केंद्राने हात आखडता घेतल्यावर भार राज्यांवर पडला. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील मदत २०१९ मध्ये ६०० वरून १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालील लाभार्थ्याच्या १,५०० रुपयांत केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३०० रुपये असतात. शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये दिले जातात. राज्यांनी घेतलेला हा पुढाकार निश्चितच उल्लेखनीय आहे. परंतु रकमेपेक्षा पात्रतेचे निकष पाहिले, की चित्र बदलते.

श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ वर्षे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे, असा निकष आहे. २०२३ मध्ये मदत वाढविली गेली तेव्हाही ही उत्पन्नमर्यादा कायम राहिली. तिचा अर्थ असा, की महिना १,७५० रुपयांहून अधिक मिळविणारे कुटुंब निराधार ठरत नाही. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे घरातील एका व्यक्तीने शासनाच्याच कामावर वर्षातून ७१ दिवस मजुरी केली, तरी त्या घरातील वृद्ध अपात्र ठरतो. एका योजनेने शंभर दिवसांच्या कामाची हमी द्यावयाची आणि दुसऱ्या योजनेने त्याच कामाच्या उत्पन्नामुळे आईचे निवृत्तिवेतन नाकारावयाचे, असा हा अंतर्विरोध आहे. अशी अवास्तव मर्यादा प्रामाणिकपणे उत्पन्न सांगणाऱ्या अर्जदाराला बाहेर ठेवते आणि सोयीचा दाखला मिळवू शकणाऱ्याला आत घेते. त्यामुळे निकष कडक असूनही योजना गरजूंपर्यंत पोहोचल्याची खात्री देता येत नाही.

याच राज्याच्या अन्य योजनांशी तुलना केल्यास विसंगती अधिक ठळक होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला साहाय्यक उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तेथे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख रुपये ठेवण्यात आली. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी दरमहा १,५०० रुपयांची तरतूद झाली आणि तेथे उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये होती. म्हणजे दीड लाख रुपये वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील स्त्री ६४ व्या वर्षी दरमहा १,५०० रुपयांना पात्र आहे. तिने ६५ वर्षे ओलांडली, की तीच स्त्री, त्याच घरात, त्याच उत्पन्नात दोन्ही योजनांना अपात्र ठरते. गरज वाढते त्या टप्प्यावर मदत बंद होते. सर्वाधिक झळ विधवांना बसते. त्यांच्या नावावर बहुधा जमीन नसते, आयुष्यभराचे श्रम विनामोबदला झालेले असतात आणि भविष्य निर्वाह निधीसारखी बचत त्यांच्यापाशी कधीच नसते.

ज्येष्ठत्वाच्या व्याख्येतही हीच विस्कळितता दिसते. २००७ चा कायदा ६० वर्षांना ज्येष्ठ म्हणतो, श्रावणबाळ योजना ६५ वर्षांना. एस. टी. च्या प्रवासात ६५ व्या वर्षी अर्धे तिकीट लागते आणि २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना विनामूल्य प्रवास आहे. केंद्राच्या सर्वांसाठीच्या आरोग्य विम्यास ७० वर्षे लागतात, तर निवृत्तिवेतनात ५०० रुपयांसाठी ८० वर्षे. निरनिराळ्या सवलतींसाठी निरनिराळी वये असणे तत्त्वतः गैर नाही. परंतु ती वये कशाच्या आधारे ठरली, याचे समर्थन कोणत्याही धोरणात आढळत नाही. शेतमजुराचे शरीर पंचावन्नाव्या वर्षी थकते, याची दखल तर यांपैकी एकही निकष घेत नाही.

आरोग्य : रुग्णालयाच्या दारापर्यंत

वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये १०० जिल्ह्यांतून राष्ट्रीय वृद्ध आरोग्य निगा कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक तपासणी आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांकडून घरभेटी, अशी त्याची रचना होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा प्रादेशिक वृद्धरोग केंद्रांत समावेश करण्यात आला. सेवा घरापर्यंत नेण्याचा विचार त्यात होता, म्हणून तात्त्विकदृष्ट्या हा कार्यक्रम अधिक परिपक्व म्हणावा लागेल.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबागणिक वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण लागू झाले. सुमारे ६ कोटी ज्येष्ठांना त्याचा लाभ व्हावा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. उत्पन्नाचा दाखला न मागणारी ही सार्वत्रिकता महत्त्वाची आहे. श्रावणबाळ योजनेने जो धडा घ्यावा तो येथे उपलब्ध आहे. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, पक्षाघातानंतरचे व्यायामोपचार, स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीवर दिवसरात्र ठेवावे लागणारे लक्ष, अंथरुणावरील जखमांची मलमपट्टी, हे सारे तिच्या कक्षेबाहेर राहते. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धेची शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकते. तिला घरी आणल्यावर तीन महिने कुशीवर कोण वळवणार, याचे उत्तर योजनेत नाही. वृद्धापकाळातील आजारपणाचा मोठा काळ रुग्णालयाबाहेर जातो, आणि निधीचा ओघ मात्र रुग्णालयाच्या दाराशी थांबतो.

याबाबत देशातच वेगळा अनुभव उपलब्ध आहे. केरळने २००८ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून परिचारिकांच्या नियमित घरभेटींची व्यवस्था उभी केली. तेथे देखभाल ही पंचायतीच्या अर्थसंकल्पातील खर्चाची बाब झाली. महाराष्ट्रात पंचायत राज्याची परंपरा जुनी आणि बळकट असूनही वृद्धांची घरपोच शुश्रूषा हा ग्रामपंचायतीच्या आराखड्यातील ठळक विषय होऊ शकलेला नाही.

शुश्रूषा, श्रम आणि बाजार

वरील सर्व सुधारणांतून एक व्यक्ती सातत्याने अदृश्य राहिली आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष देखभाल करणारी. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया कुटुंबीयांच्या देखभालीत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे या कामाला देत होते. या आकड्यांत बालसंगोपनाचाही समावेश आहे, हे ध्यानात घेऊनही श्रमाच्या वाटणीचा कल स्पष्ट होतो. 'कुटुंब हेच वृद्धांचे खरे आश्रयस्थान' या धोरणवाक्याचा व्यवहारातील अर्थ सून, पत्नी किंवा मुलगी असा होतो. २०१९ च्या विधेयकाने सुनेला निर्वाहाच्या दायित्वात ओढले. ती आधीपासून करीत असलेल्या श्रमाची नोंद, मोबदला किंवा विसावा यांपैकी काहीच मात्र त्यात नव्हते.

शहरांत ज्यांना परवडते ते ब्युरोमार्फत बारा तासांची मावशी ठेवतात. ही मावशी बहुधा स्वतः अल्प उत्पन्न गटातील, प्रशिक्षणाची संधी न मिळालेली आणि सेवाशर्तींच्या संरक्षणाविना काम करणारी असते. तिला मिळणारे वेतन आणि कुटुंबाने ब्युरोला दिलेली रक्कम यांतील अंतरावर प्रभावी नियंत्रण नाही. दुसऱ्याची आई सांभाळण्यासाठी ती स्वतःच्या आईला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून येते. अशा संस्थांची नोंदणी व मानके ठरविणारी तरतूद विधेयकासोबत व्यपगत झाली, ही त्या विधेयकाच्या अपयशातील सर्वांत मोठी हानी होय.

निती आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत ज्येष्ठांच्या देखभालीतील सुधारणांविषयी भूमिकापत्र प्रसिद्ध केले. आरोग्य, सामाजिक, आर्थिक आणि डिजिटल अशा चार अंगांनी त्यात विचार केला असून वृद्धांनी शक्यतो आपल्या घरीच राहावे, या दिशेचा आग्रह धरला आहे. प्रश्नाची व्याप्ती शासकीय दस्तऐवजात एकत्रितपणे मांडली गेली, हे त्याचे मूल्य निश्चित आहे. तथापि आर्थिक अंगाचा विचार करताना त्याचा भर बचत, विमा, घर तारण ठेवून मिळणारे मासिक उत्पन्न आणि खाजगी क्षेत्राचा सहभाग यांवर आहे. हे उपाय घर, बचत आणि बँक यांच्याशी संबंध असलेल्या वृद्धांसाठी उपयुक्त आहेत. ज्याचे घर गावठाणातील दोन खणांचे आहे, त्याला तारणाचा उपाय सांगण्यात अर्थ नाही. या दिशेची प्रत्यक्ष पावले आधीच पडली आहेत. २०२१ च्या जूनमध्ये केंद्राने ज्येष्ठांसाठी उत्पादने व सेवा विकसित करणाऱ्या नवउद्योगांना एक कोटी रुपयांपर्यंत भांडवली साहाय्य देणारी 'सेज' योजना सुरू केली. नवउद्योगांना उत्तेजन देण्यास हरकत असण्याचे कारण नाही. परंतु उद्योजकासाठी एक कोटी आणि निराधार वृद्धासाठी २०० रुपये, हे दोन आकडे एकाच शासनाच्या 'वृद्धकल्याण' या शीर्षाखाली येतात, तेव्हा प्राधान्यक्रमाचा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य आहे.

निधीच्या स्रोतांकडे पाहिले तरी तात्पुरतेपणा जाणवतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून चष्मे, श्रवणयंत्रे, काठ्या आणि चाकांच्या खुर्च्या दिल्या जातात. तिचा खर्च ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीतून होतो आणि हा निधी दावा न सांगितलेल्या बचत खात्यांतील रकमांवर उभा आहे. कोणीतरी विसरलेल्या पैशांवर एखादी पूरक योजना चालू शकते, देशाची देखभाल व्यवस्था चालू शकत नाही. जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन देखभाल विमा लागू केला. त्यात ४० वर्षांवरील प्रत्येकाने वर्गणी भरावी, साधारण निम्मा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा आणि सेवा देताना व्यक्तीच्या शारीरिक गरजेचे मूल्यमापन व्हावे, अशी रचना आहे. घरात सून आहे किंवा नाही, यावर तेथे पात्रता ठरत नाही. असंघटित क्षेत्राचे प्राबल्य असलेल्या भारतात ही रचना जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु देखभाल ही मोजता येण्याजोगी गरज आहे आणि तिच्यासाठी नियमित, स्वतंत्र निधी हवा, हे त्यामागील तत्त्व स्वीकारण्यास अडचण नसावी.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते, की गेल्या अडीच दशकांतील सुधारणांनी वृद्धांच्या प्रश्नाला शासनदरबारी ओळख मिळवून दिली, पण जबाबदारी सातत्याने दुसऱ्याकडे सरकवली. २००७ च्या कायद्याने ती मुलांकडे, २०२४ च्या विमाविस्ताराने रुग्णालयांकडे आणि अलीकडच्या भूमिकापत्रांनी बाजाराकडे सोपविली. घरातील रोजची देखभाल या तिन्ही व्यवस्थांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडली, आणि ती जागा स्त्रियांच्या विनामोबदला श्रमाने भरून निघाली.

या स्थितीत पुढील बाबी तातडीच्या ठरतात. केंद्रीय निवृत्तिवेतनाचा वाटा वाढवून तो महागाईच्या निर्देशांकाशी जोडावा आणि लाभार्थ्यांची कमाल संख्या नव्या जनगणनेनुसार सुधारावी. श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा निदान राज्याच्याच अन्य योजनांच्या पातळीवर आणावी, जेणेकरून ६५ वर्षे ओलांडणारी स्त्री साहाय्याच्या बाहेर फेकली जाणार नाही. २००७ च्या कायद्यातील कमाल मर्यादा हटवावी, कलम १९ मधील 'करता येतील' च्या जागी बंधनकारक शब्दयोजना यावी आणि घरपोच सेवा संस्थांच्या नोंदणीची व्यपगत झालेली तरतूद, त्या संस्थांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या सेवाशर्तींसह, पुन्हा मांडावी. ग्रामपंचायत व नगरपालिका यांच्या निधीतून घरभेटीची शुश्रूषा उभी करावी आणि पूर्णवेळ देखभाल करणाऱ्या कुटुंबीयासाठी भत्त्याचा विचार व्हावा.

यांपैकी पहिल्या दोन सूचनांसाठी नव्या कायद्याची गरज नाही, केवळ शासन निर्णय आणि अर्थसंकल्पातील तरतूद पुरेशी आहे. ती होते किंवा नाही, यावरून 'ज्येष्ठांचा सन्मान' या घोषणेचे मोल ठरेल.